शेंगदाण्याची वडी आणि चॉकलेटचा लेप



मागच्या पाठात आपण वजने आणि मापे शिकलो. किलो, ग्रॅम, पाव, अर्धा हे शब्द आता तुम्हाला वाचता येतात. या पाठात त्यांचा उपयोग करू. आपण एक गोड वस्तू घरी करायची आहे. ती करताना वाचायचे आहे, मोजायचे आहे, हिशेबही मांडायचा आहे. आणि एका विषाची ओळखही करून घ्यायची आहे. गोड वस्तूच्या पाठात विष कसे आले, ते पुढे कळेल.

1. ही वस्तू मूळची कोठली?

युरोपात बदामाची एक मिठाई करतात. तिला मार्झिपान म्हणतात. बदाम सोलायचे, बारीक वाटायचे, त्यात साखर घालून मळायचे. थोडे गुलाबपाणीही काही जण घालतात. झाला मार्झिपानचा गोळा. जर्मनीत ल्युबेक नावाचे जुने बंदर आहे. तिथली मार्झिपान फार नावाजलेली. तिथले एक दुकान तर 1806 सालापासून चालू आहे.

ऑस्ट्रिया देशात साल्झबर्ग नावाचे शहर आहे. तिथल्या एका हलवायाने 1890 साली नवी युक्ती काढली. पिस्ते घातलेल्या मार्झिपानची गोळी केली. तिला दुसऱ्या एका गोड लगद्यात गुंडाळले. मग ती काडीला टोचली आणि पातळ चॉकलेटात बुडवली. काडी उभी ठेवून लेप वाळू दिला. शेवटी काडी काढली आणि तिचे भोक चॉकलेटाने बुजवले. ती गोळी आजही त्या शहरात हातानेच करतात.

हे ऐकून आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हे तर आपल्या काजूकतलीवानीच हाय की!"

मावशींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. काजूकतली आणि मार्झिपान या सख्ख्या बहिणी समजा. एकीत काजू, दुसरीत बदाम. साखर दोघींत आहे. आणि साखर तर आपल्याच देशातून जगभर गेली. संस्कृतातली 'शर्करा' अरबांकडे गेली, तिथून युरोपात गेली, आणि इंग्रजांच्या तोंडी तिचे 'शुगर' झाले. आपल्या 'खांडे'चे तिकडे 'कँडी' झाले.

गोव्यात पोर्तुगीज आले. त्यांनी ब्राझीलहून काजूचे झाड आणले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मार्झिपान करू लागले, पण बदाम महाग आणि काजू दारात. म्हणून बायांनी बदामाऐवजी काजू घेतला. आजही ईस्टरच्या सणाला गोव्यात, तसेच वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींत, काजूच्या मार्झिपानची अंडी, फुले, फळे साच्यात काढतात. यातले पुष्कळ लोक घरी मराठीच बोलतात.

मेक्सिको देशातल्या लोकांनी याहून सोपे केले. त्यांनी बदाम सोडला आणि भुईमुगाचे दाणे घेतले. तिथे शेंगदाण्याच्या मार्झिपानला सगळी पोरेबाळे ओळखतात.

म्हणजे रीत सगळीकडे एकच. जो दाणा आपल्या शिवारात पिकतो, तो घ्यावा. आपल्या नांदेड-लातूरकडे बदाम पिकत नाही, काजू पिकत नाही. भुईमूग मात्र पिकतो. लातूरला तेलबियांचे संशोधन केंद्र आहे. ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. या केंद्राने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर भुईमुगाचे एक वाण काढले आहे. त्याचे नाव टीएलजी-45. त्यातल्या 'एल' या अक्षराचा अर्थ लातूर. या वाणाचा दाणा टपोरा असतो. वडीला आणि भाजून खायला टपोरा दाणा चांगला.

तर आपण शेंगदाण्याची वडी करू आणि तिला चॉकलेटचा लेप देऊ.

2. आधी दाणा निवडा

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सावकाश वाचा. एकदा वाचून समजले नाही तर दुसऱ्यांदा वाचा.

भुईमूग काढणीच्या वेळी पाऊस आला, शेंगा ओल्या राहिल्या, किंवा पोते ओलीला ठेवले, तर दाण्याला बुरशी लागते. ही बुरशी पिवळट-हिरवी दिसते. ती दाण्यात एक विष तयार करते. त्या विषाचे नाव अफलाटॉक्सिन. नाव अवघड आहे. पाटीवर दोनदा लिहा म्हणजे लक्षात राहील.

हे विष यकृतावर घाला घालते. यकृत म्हणजे लिव्हर. थोडे थोडे पुष्कळ दिवस पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. एकदम जास्त गेले तर माणूस दगावतो. 1960 साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांना भुईमुगाची पेंड घातली होती, आणि त्या पेंडीत हे विष होते. तेव्हा ते शास्त्रज्ञांना सापडले. 1974 साली आपल्याच देशात, राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत, लोकांनी बुरशीचा मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, आणि शंभरावर माणसे गेली. त्यांना दुसरे धान्य नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला.

आता नीट ऐका. हे विष भाजल्याने जात नाही. तळल्याने जात नाही. साखरेच्या पाकात शिजवल्याने जात नाही. बुरशी मरते, विष राहते. विंचू मेला तरी अंगात चढलेले विष उतरत नाही, तसेच हे.

म्हणून दाणे सुपात घ्या. उजेडात बसा. पुढील दाणे काढून टाका :

काळा पडलेला दाणा. सुरकुतलेला दाणा. हिरवट किंवा पिवळट बुरशी असलेला दाणा. किडका, फुटका, मोड आलेला दाणा. चवीला कडू किंवा खवट लागणारा दाणा.

भाजून साल काढल्यावर दाणे पुन्हा एकदा पाहा. सालीखालचा डाग तेव्हा दिसतो. असे हाताने निवडल्याने विष पुष्कळ कमी होते. पण सगळे जातेच असे नाही. म्हणून पोत्याला कुबट वास येत असेल, तर ते पोते घेऊच नये.

काढलेले दाणे म्हशीला घालू नयेत. ते विष दुधात उतरते, आणि दूध आपलीच लेकरे पितात. घाण्यावरही नेऊ नयेत. गावच्या घाण्याच्या तेलात ते विष उतरते. खड्डा करून पुरावेत.

घरी शेंगा साठवायच्या असतील तर आधी उन्हात चांगल्या वाळवा. शेंग कानाशी हलवली की आत दाणा खुळखुळ वाजला पाहिजे. पोते भुईवर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या टाका. भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

3. चाळीस किलोंच्या पोत्याची गोष्ट

आमच्या भागातल्या एका गावी बायांचा बचत गट आहे. गटात बारा जणी. महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची मोठी यात्रा भरते. तिथे शेंगदाण्याच्या वड्या विकायच्या असे त्यांनी ठरवले. बाजारात चांगला दाणा 140 रुपये किलो होता. एका व्यापाऱ्याने 120 रुपयांनी देऊ केला. बायांनी 40 किलोंचे पोते घेतले.

40 गुणिले 120. किती झाले? 4,800 रुपये.

घरी पोते उघडले. वर दाणा चांगला होता. खाली हात घातला तर कुबट वास आला. निवडायला बसल्या. 6 किलो दाणा खराब निघाला. मग त्यांनी आम्हाला बोलावले.

एक जण म्हणाली, "गुरुजी, चांगलं भाजलं की जातंय सगळं. पाकात पडल्यावर कुणाला कळतंय?"

दुसरी म्हणाली, "खराब ते म्हशीला घालू. चांगलं ते वडीला घेऊ. पैसे काय झाडाला लागत्यात का?"

आम्ही त्यांना वर लिहिलेले सगळे सांगितले. चांगला दिसणारा 34 किलो दाणासुद्धा त्याच पोत्यातला, त्याच ओलीतला. तो संशयाचाच. हेही सांगितले. कोणी बोलेना. पैसा लहान नव्हता. 4,800 भागिले 12, म्हणजे एकेकीच्या वाट्याला 400 रुपये. त्यातली एक बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिने ते 400 रुपये मुलाच्या परीक्षेच्या फीमधून काढून दिले होते.

पोते परत द्यायला दोघी बाजारात गेल्या. व्यापारी म्हणाला, "हा माल माझा कशावरून? पावती दाखवा." पावती नव्हती. 20 रुपये कमी म्हणून तिने मागितली नव्हती आणि त्याने दिली नव्हती. दोघी तशाच परत आल्या.

संध्याकाळी गटाची बैठक झाली. बोलणे पुष्कळ झाले. शेवटी ती खुरपायला जाणारी बाईच उठली. ती म्हणाली, "माझ्या लेकराला मी ह्यातला दाणा देणार नाही. मग जत्रेतल्या लेकराला कसा देऊ? ते बी कुणाचं तरी हायच की."

मग मतभेद राहिला नाही. पोतेच्या पोते खड्ड्यात पुरले. गटाच्या शिलकेतून 10 किलो चांगला दाणा आणला. पावती घेतली. तिच्यावर वजन आणि भाव लिहिला आहे की नाही, ते वाचून पाहिले. त्या वर्षी यात्रेत नफा झाला नाही. पण जो माल विकला तो निर्मळ होता. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक दुकान विचारीत आले. मुलाच्या फीचे पैसे गटाने त्या बाईला उसने दिले, ते तिने चार महिन्यांत फेडले.

आता एक गणित करा. समजा, त्यांनी ते 34 किलो वापरले असते. तरी 4,800 भागिले 34, म्हणजे किलोला 141 रुपये 18 पैसे पडले असते. चांगला दाणा 140 रुपये होता. म्हणजे स्वस्त पोते मुळात स्वस्त नव्हतेच. स्वस्ताईचा हिशेब निवडल्यानंतर करायचा असतो.

4. वडी कशी करावी?

साहित्य पुढीलप्रमाणे घ्या. यात साधारण 40 वड्या होतात.

शेंगदाणे 250 ग्रॅम. साखर 150 ग्रॅम. पाणी पाऊण ते एक लहान वाटी, म्हणजे 75 मिलीलिटर. तूप 1 चमचा. वेलचीपूड अर्धा चमचा. लेपाचे चॉकलेट 200 ग्रॅम.

कृती :

(1) निवडलेले दाणे मंद आचेवर भाजा. डाग पडू देऊ नका. साल सुटू लागली की उतरवा. जास्त भाजले तर वडी काळपट होते.

(2) दाणे गार झाल्यावर परातीत चोळा. सुपात पाखडून साल काढा. दाणे पुन्हा निवडा.

(3) दाण्यांचा बारीक कूट करा. मिक्सर असेल तर तो एकसारखा फिरवू नका. थांबून थांबून फिरवा. एकसारखा फिरवला तर दाणा तापतो, तेल सोडतो, आणि कुटाचा चिकट गोळा होतो. कूट चाळणीने चाळा. वर राहिलेला जाड कूट भाजीला वापरा.

(4) साखर आणि पाणी पातेल्यात घालून चुलीवर ठेवा. साखर विरघळली की पाक उकळू द्या. थोडा पाक चमच्यात गार करा. बोट आणि अंगठा यांच्यात धरून बोटे दूर करा. एक तार निघाली की पाक झाला. तार निघाली नाही तर वडी ओली राहते. दोन तारा निघाल्या तर वडी कडक होते, लाटताना तुटते.

(5) आच अगदी मंद करा. कूट घाला. सतत हलवा. तीन-चार मिनिटांत गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागतो. थोडासा घेऊन बोटांनी गोळी करून पाहा. बोटाला चिकटली नाही की उतरवा. तूप आणि वेलची घाला.

(6) हाताला सोसेल इतका गोळा निवला की तुपाचा हात लावून मळा. गुळगुळीत झाला पाहिजे. फार कोरडा वाटला तर दुधाचे चार थेंब घाला. पण दूध घातलेली वडी लवकर विटते, हे लक्षात ठेवा.

(7) तूप लावलेल्या पोळपाटावर लाटा. करंगळीच्या निम्म्या जाडीची पोळी झाली की थांबा. सुरीने चौकोनी तुकडे करा. पाहिजे तर गोळ्याही वळा. चार तास पंख्याखाली कोरड्या होऊ द्या. ओल्या वडीवर लेप बसत नाही.

बदामाची करायची असेल तर बदाम उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा. साल आपोआप निघते. मग चांगले पुसून, वाळवून तीच कृती करा. कडू बदाम मात्र कधीही घेऊ नका. कडू बदामापासून पोटात सायनाइड नावाचे जहर तयार होते.

5. चॉकलेट म्हणजे काय?

कोको नावाचे एक झाड आहे. तेही अमेरिका खंडातून आले. त्याची फळे खोडालाच लागतात, फणसासारखी. फळातल्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. बियांतून एक तूप निघते. त्याला कोको बटर म्हणतात. हे तूप, कोको आणि साखर मिळून चॉकलेट होते. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांत कोको पिकतो. सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी 1973 साली मंगळूरला कॅम्पको नावाची सहकारी संस्था काढली. 1986 साली त्या संस्थेने पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला. शेतकऱ्यांनी आपला माल आपणच पक्का करून विकायचा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळते. आपले शरीर 37 अंश गरम असते. म्हणून चॉकलेट तोंडात विरघळते. आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. नांदेडला वैशाखात पारा 42 अंशांच्या वर जातो. मग तिथे चॉकलेटचे काय होईल? डब्यातच पाणी पाणी होईल. म्हणून हे काम मार्गशीर्ष, पौष, माघ या थंडीच्या महिन्यांत करावे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला चालते, संक्रांतीला चालते, महाशिवरात्रीलाही सकाळच्या वेळी जमते. चैत्र-वैशाखात लेप न देता नुसती वडी करावी.

दुकानात दोन प्रकारचे चॉकलेट मिळते. एकात कोको बटर असते. दुसऱ्यात त्याऐवजी दुसरे घट्ट वनस्पती तूप असते. दुसऱ्याला 'कंपाउंड' म्हणतात. ते स्वस्त असते, लवकर वाळते, थोडी उष्णता जास्त सोसते. चव मात्र पहिल्याची चांगली. पाकिटावर घटक पदार्थांची नावे छापलेली असतात. जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी असते. पुष्कळ वेळा ती नावे इंग्रजीत असतात. मग शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. न वाचता पैसे देण्यात नुकसान आहे.

6. लेप कसा द्यावा?

चॉकलेटचे बारीक तुकडे करा. एका पातेल्यात थोडे पाणी तापवा. वर दुसरे कोरडे भांडे ठेवा. त्याचा बूड पाण्याला टेकू देऊ नका. वरच्या भांड्यात चॉकलेट घालून हलवत राहा.

चॉकलेटात पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये. थेंब पडला की चॉकलेट आखडते, त्याचे रवाळ गोळे होतात. म्हणून भांडे, चमचा आणि हात कोरडे ठेवा. वाफही आत जाऊ देऊ नका.

कंपाउंड असेल तर वितळले की काम सुरू करा. कोको बटरचे चॉकलेट असेल तर आणखी एक काम आहे. तीन भागांतले दोन भाग वितळवा. भांडे खाली उतरवा. उरलेला एक भाग घालून सारखे ढवळा, गार होऊ द्या. थेंबभर चॉकलेट खालच्या ओठाला लावून पाहा. किंचित गार लागले म्हणजे बेताचे झाले. सुरीच्या पात्यावर थोडे पसरा. पाच मिनिटांत चकाकून वाळले तर लेप चांगला बसेल. असे केले नाही तर लेप निस्तेज होतो, बोटाला लागतो.

वडी काट्याच्या चमच्यावर ठेवून बुडवा. चमचा भांड्याच्या कडेवर आपटून जादा चॉकलेट गळू द्या. मग तेलकट कागदावर ठेवा. गोळी असेल तर साल्झबर्गच्या हलवायासारखी काडीला टोचून बुडवा. काडी बटाट्यात खोचून उभी करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार-आठ दिवसांनी लेपावर कधी कधी पांढुरकी झाक येते. गिऱ्हाईक म्हणते, बुरशी आली. ती बुरशी नसते. उष्णतेने आतले तूप वर येऊन गोठलेले असते. ते पुसटसे, सपाट असते. त्याला वास नसतो. खाल्ले तरी अपाय नाही. बुरशी मात्र कापसासारखी, लवदार दिसते आणि कुबट वास मारते. ती दिसली की अख्खा डबा टाकून द्या. दोन पांढऱ्यांत फरक आहे. डोळ्यांनी पाहा, नाकाने हुंगा, मग ठरवा.

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. दूध न घातलेल्या वड्या थंडीच्या दिवसांत दहा-बारा दिवस चांगल्या राहतात.

7. हिशेब

पुढील भाव केवळ गणितासाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या बाजारचे भाव घाला.

शेंगदाणे 250 ग्रॅम, 140 रुपये किलोने : 35.00
साखर 150 ग्रॅम, 44 रुपये किलोने : 6.60
तूप, वेलची : 8.00
चॉकलेट 200 ग्रॅम, 400 रुपये किलोने : 80.00
सरपण किंवा गॅस : 10.00
कागद, डबा : 20.00
एकूण : 159 रुपये 60 पैसे

40 वड्यांना भागले, तर एक वडी सुमारे 4 रुपयांना पडली. 5 रुपयांना विकली तर एक रुपया नफा, असे वाटते. पण थांबा. कामाला तीन तास लागले. बाईच्या कामाला मोल नाही का? तासाला 50 रुपये धरले तर मजुरी 150 रुपये. एकूण 309 रुपये 60 पैसे. आता एक वडी 7 रुपये 74 पैशांना पडली. म्हणजे 5 रुपयांना विकणे हा तोटा आहे.

मग काय करावे? एकदम चौपट माल करावा. चौपट मालाला चौपट वेळ लागत नाही. समजा 6 तास लागले. माल 638 रुपये 40 पैशांचा, मजुरी 300 रुपये. एकूण 938 रुपये 40 पैसे. वड्या 160. एक वडी 5 रुपये 87 पैशांना पडली. 7 रुपयांना विकली तर 1,120 रुपये येतील. मजुरी वजा जाऊन 181 रुपये 60 पैसे उरतील. पण 16 वड्या तुटल्या तर 144 च विकल्या जातील. 1,008 रुपये येतील. उरतील फक्त 69 रुपये 60 पैसे. म्हणून हलक्या हाताने काम करा.

घरी खाण्यासाठी केले तर कोणाची परवानगी नको. विकायचे असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006, याप्रमाणे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक मिळतो. तो डब्यावर लिहावा लागतो. शिवाय पदार्थाचे नाव, घटक, वजन, केल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत खावे हेही लिहावे. 'यात शेंगदाणा आहे' असे ठळक लिहावे. काही माणसांना शेंगदाणा सोसत नाही. एका दाण्याने अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. ती चिठ्ठी वाचून त्याचा जीव वाचतो.

पूर्वी आपण दुसऱ्याने लिहिलेले वाचू शकत नव्हतो. आता आपण लिहिलेले दुसरा वाचणार आहे. म्हणून खरे तेच लिहावे.

लक्षात ठेवा

दाणा दोनदा निवडा : भाजण्याआधी आणि साल काढल्यावर.
बुरशीचे विष भाजून जात नाही.
खराब दाणा गुरांना घालू नका.
पावती घ्या आणि वाचा.
चॉकलेटात पाणी पडू देऊ नका.
आपल्या मजुरीचा हिशेब धरा.

शब्दांचे अर्थ

यकृत : लिव्हर. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते.
वाण : पिकाची जात.
घटक : पदार्थ ज्या वस्तूंचा बनतो त्या वस्तू.
गांधी : अंगावर उठणारे खाजरे फोड.
सरपण : जळण.

प्रश्न

(1) गोव्यात मार्झिपानसाठी बदामाऐवजी काय घेतात? का?
(2) कोणते दाणे काढून टाकावेत? पाच प्रकार लिहा.
(3) 120 रुपयांचा दाणा 140 रुपयांच्या दाण्यापेक्षा महाग कसा पडला? गणित मांडून दाखवा.
(4) लेपावरची पांढरी झाक आणि बुरशी यांत फरक काय?
(5) वैशाखात लेपाची वडी का करू नये?

करून पाहा

घरात असेल ते कोणतेही पाकीट घ्या. चहाचे, मिठाचे, बिस्किटाचे. त्यावरचे वजन, तारीख आणि किंमत वाचून वहीत लिहा. उद्या वर्गात वही घेऊन या. ज्यांना तारीख सापडली नाही, त्यांनी पाकीटही आणावे. सगळे मिळून शोधू.